रविवारचं खाणं

रविवारी सकाळी पाषाणच्या रस्त्याला
मिसळीसाठी रांगा लागलेल्या असतात.
मी त्यांच्या कडेनं स्कूटर काढते.
पेशींना रविवार माहीत नाही.

गेटवर भेगडेमामा रजिस्टर पुढं सरकवतात.
'कामाचे स्वरूप' या रकान्यात मी आधी
'सेल कल्चर' लिहायचे.
आता लिहिते : खायला घालणे.
मामा वाचतात, मान हलवतात.
सूसला त्यांच्या तीन म्हशी आहेत.

हातांवर स्पिरिट. हूडमध्ये कोपर किती न्यायचं,
झाकण कुठल्या बोटांत धरायचं,
हे नौशीन मुजावरनं शिकवलं
एक अक्षर न बोलता,
मनगटावर टिचक्या मारून.
जुनं काढ. नवं भिंतीच्या कडेनं सोड,
थेट अंगावर नको, निखळतात.
सदतीस अंश :
तान्ह्या भावाचं पाणी आई कोपर बुडवून बघायची
तेवढंच.

गुलाबी द्रव पिवळा पडला की भूक.
पिवळा आणि वर गढूळ, म्हणजे संपलं.
जुलैत एका दुपारी चौदा डिश
ब्लीचमध्ये ओतल्या.
मॅडम म्हणाल्या, कुणाची चूक नाही.
सगळे माझ्या हातांकडं बघत होते.
मीसुद्धा.

आई बार्शीहून विचारते, नक्की करतेस काय गं तिथं?
विरजण समज, म्हटलं,
कालच्यातलं थोडं आजच्यात.
'मग ताक कधी?'
सत्तर दिवसांनी, आई.
सत्तर दिवसांनी त्या गोल, बिनचेहऱ्याच्या ठिपक्याला
एक बारीक तंतू फुटतो
आणि तो चाचपडत
दुसऱ्याकडं जातो.
आई म्हणाली, आणि करार?
तो सहा-सहा महिन्यांनी.

डिशच्या झाकणावर माझ्या अक्षरात :
स्त्री, ६१, डावा दंड, पिढी २३.
कुणाच्या तरी कातडीला आम्ही
मागं मागं चालवत नेलं,
ती काहीच नव्हती तिथपर्यंत,
आणि मग पुढं, मेंदूच्या वाटेनं.
नाव येत नाही आमच्याकडं.
नियम आहे तसा, चांगला नियम आहे.
(माझं नाव छापून आलं एकदा,
आभारात, आडनावातली वेलांटी चुकवून.)

अठ्ठावीस फेब्रुवारीला प्रयोगशाळा सगळ्यांना खुली.
शाळेतली पोरं. 'ताई, हे आत्ता विचार करतंय का?'
ती गेल्यावर एक बाई आल्या, मुलाच्या आधारानं.
उजवा हात पोटाशी दाबलेला,
तरी बोटं वाती वळत होती,
कापूस नसताना.

मी पडद्यावर दाखवलं : हे पेशीचं अंग, ही तिची फांदी.
त्यांनी नीट दिसावं म्हणून टेबलाला हात टेकला
आणि सगळं रान थरथरायला लागलं,
एकूण एक फांदी.
'यातली कुठली हलते?'
मी म्हणाले, टेबल हलतंय, काकू.
मुलगा हात धरायला पुढं झाला.
असू दे, म्हटलं.

मग त्यांनी डावी बाही वर सारली.
'इथलं घेतलं होतं कुणीतरी. मसुरीच्या डाळीएवढं.'
डाळीएवढीच खूण.
कुठं, कधी, मी विचारलं नाही.
त्यांनीही नाही.
एवढंच म्हणाल्या, 'पोटभर देता ना यांना?'
रविवारी पण, म्हटलं.

फोटो काढायचा तर
चित्र स्थिर होईपर्यंत थांबायचं असतं.
मी थांबले नाही.
सगळा पुसट आलाय, दुहेरी, 
मोजायला काही उपयोग नाही.
मॅडम दर महिन्याला म्हणतात डिस्क भरली, फालतू उडवा.
फाइलला तारीख घातली आहे.
नाव घातलेलं नाही.